रेड अलर्ट लागला म्हणजे उद्या शाळेला सुट्टी?

जुलै लागला की कोकणातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: "रेड अलर्ट लागला की शाळा आपोआप बंद. ॲपवर पावसाची शक्यता ९० टक्क्यांच्या वर दिसली तर सुट्टी पक्की. अमेरिकेत बर्फाची सुट्टी ॲप आदल्या रात्रीच सांगतं, तसंच हे."

आपोआप काही होत नाही. रंग ठरवतो हवामान विभाग. सुट्टीचा आदेश काढतात जिल्हाधिकारी, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खालच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. त्यामुळे ऑरेंजला शाळा बंद आणि रेडला शाळा चालू, दोन्ही होऊ शकतं. शिवाय इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, पाऊस मात्र गावागणिक बदलतो. २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३.

९० टक्के ही पाऊस पडण्याची शक्यता. किती पडेल ते त्यात नाही. भुरभुर असो की २०० मिमी, टक्का तोच. जुलैत कोकणात हा आकडा बहुतेक रोजच दिसतो. त्यावर विसंबायचं तर शाळा गणपतीनंतरच भरवाव्या लागतील.

अमेरिकेतही निर्णय ॲपचा नसतो. तिथला शाळा-प्रशासक बसगाड्या रस्त्यावर चालतील का हे बघून, पुष्कळदा पहाटे, ठरवतो. आणि बर्फ पडला की रस्त्यावर बसून राहतो. आपलं पाणी काही तासांत चढतं नि उतरतं. म्हणून इथे 'किती पडला' याइतकंच 'कधी पडला' महत्त्वाचं. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०. त्यातले १०० मिमी दिवसभरात विखुरले तर वहाळ ते पोटात घेतो. तेच पहाटे तीन तासांत कोसळले आणि त्याच वेळी भरती असली, तर वाशिष्ठीसारख्या नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे तुंबतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धोका जास्त.

तेव्हा अंदाज बांधायचाच असेल तर रात्री तीन गोष्टी पाहाव्यात: शाळा भरण्याच्या वेळी भरती आहे का, नदीची पातळी (खेडच्या जगबुडीला ५ मीटर इशारा, ७ मीटर धोका) चढती आहे का, आणि घाटमाथ्यावर पाऊस किती. ही तिसरी लोक विसरतात. खाली उघडीप असतानाही वरचं पाणी नदीला चढवतं. सकाळी निघण्याआधी हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघावा; आदल्या संध्याकाळच्या रंगापेक्षा तो जास्त उपयोगाचा.

आदेश आला तरी नीट वाचा. तो कधी संपूर्ण जिल्ह्याला असतो, कधी ठरावीक तालुक्यांना. अंगणवाडी, शाळा आणि महाविद्यालय यांपैकी कुणाचा उल्लेख आहे तेही बघा. जुनी पीडीएफ तारीख बदलून फिरवणारे वार बदलायला विसरतात, म्हणून तारीख आणि वार जुळतात का ते पाहा. आणि आदेश नसला तरी वाडीचा साकव पाण्याखाली असेल, तर मुख्याध्यापकांना फोन करून मुलाला घरी ठेवा.