सगळा उतारच आहे

आमचा एक नागपूरचा मित्र वीसेक वर्षं व्हिएन्नात राहतो, त्याने फोनवर सांगितलं, अरे डॅन्यूबच्या काठाने सायकल चालवायची म्हणजे काय, नदी वाहते त्याच बाजूला जायचं, सगळा उतारच आहे, सायकल आपोआप जाते. यावर कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं की तू कधी गेलायस का. मी नाही विचारलं. मी पुण्याचा, शाळा-कॉलेज सगळं सायकलवर, सदाशिव पेठेतून डेक्कनला डबलसीट जाणारा माणूस, मला काय सायकल शिकवता? फक्त त्या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली हे मी आणि माझा गुडघा दोघंही विसरलो होतो, पैकी गुडघ्याला दुपारनंतर आठवलं.

बेत साधा होता, मेल्क ते क्रेम्स, ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठावरची दोन गावं. मधल्या खोऱ्याला वाखाऊ म्हणतात, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेलंय, आणि अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. मेल्कचा तो डोंगराएवढा पिवळा मठ मागे टाकून पूल ओलांडला आणि काठाला लागतो न लागतो तोच समोरून वारा सुरू. इथे म्हणे वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणून सगळे पश्चिमेकडून पूर्वेला सायकली हाणतात. त्या दिवशी तो पूर्वेचा होता. पॅडल मारणं थांबवलं की सायकल जागच्या जागी विचार करायला लागायची. तेव्हा मी उताराचा हिशोब केला (दुसरं करण्यासारखं काही नव्हतं). जर्मनीच्या हद्दीवरच्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर, आणि तेवढ्यात नदी दीडशे मीटरसुद्धा उतरत नाही. म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही, आमच्या बाथरूमच्या फरशीला याहून जास्त उतार आहे!

त्यात त्या पाट्या. काठावर नदीचे किलोमीटर लिहिलेले असतात आणि डॅन्यूबचे मोजतात मुखापासून, पार रोमानियातल्या सुलिनापासून वर. पहिली पाटी दिसली 2033. बायको म्हणाली, "अहो, एवढं राहिलंय?"

मागून ट्रिंग. एक आजीबाई, पंचाहत्तरीच्या असाव्यात, इलेक्ट्रिक सायकलवर ताठ बसून "ग्रूस गॉट" (तिकडचा नमस्कार) म्हणत पुढे निघून गेल्या. पुढे त्या कॉफी पीत बसलेल्या दिसल्या, आम्ही धापा टाकत पुढे गेलो, दहा मिनिटांनी परत ट्रिंग, परत ग्रूस गॉट. असं तीनदा झालं, तिसऱ्या वेळी त्यांच्या आवाजात काळजी होती.

विलेनडॉर्फला थांबलो, तिथे 1908 साली दगडाची एक छोटीशी बाई सापडली, अकरा सेंटिमीटरची, जवळपास तीस हजार वर्षं जुनी, चांगली गुबगुबीत. खरी मूर्ती व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, इथे मोठी नक्कल उभी केलीय. बायकोने तिच्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, बोलली काही नाही.

श्पिट्झला जेवण म्हणून जर्दाळूचे क्न्योडेल खाल्ले. आख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात घालून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. बायकोचा निकाल, उकडीचेच मोदक आहेत, फक्त कळ्या पाडायचा आळस केलाय. सोबत राडलर, म्हणजे अर्धी बिअर अर्धं लेमोनेड, आणि राडलर म्हणजे सायकलवाला पण, तर ती पिऊन तरी मी सायकलवाला झालो.

तिथे कोणीतरी सांगितलं पलीकडच्या काठाला वारा कमी लागतो. (नाही. तेवढाच लागतो.) पण त्यासाठी जी फेरीबोट घेतली ती दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट. इंजिनच नाही! नदीवर आडवी तार ताणलीय, फेरी तिला बांधलेली, नावाडी ती जरा तिरकी धरतो आणि प्रवाहच ढकलत ढकलत पलीकडे नेतो. डॅन्यूबने दिवसभरात मला ढकललं ते एवढंच, आणि तेही तिकीट काढून.

पुढचा रस्ता काठाकाठाने. पूर्वी या नदीच्या काठाने घोडे चालायचे, दोराने नावा प्रवाहाच्या उलट ओढत. म्हणजे आमच्या समोरून यायचे, म्हणजे अशा दिवशी वारा त्यांच्या पाठीवर! पलीकडे ड्यूर्नश्टाइनचा निळा मनोरा आणि वर पडका किल्ला दिसायला लागला, तिथे 1192 च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कोंडून ठेवलं होतं. मला काही फार वाईट वाटलं नाही, त्याला निदान पसरून बसता येत होतं. माझी सीट अशी होती की कोणत्याही बाजूला सरकलं तरी हाडच.

माउटर्नचा पूल आला, पलीकडे क्रेम्स. पाटी 2003. बायको म्हणाली, म्हणजे सकाळपासून तीसच? मी पूल ओलांडून एक पाय टेकवला, दुसरा पलीकडून अलीकडे आणायचा प्रयत्न केला, तो येईना. आजीबाई समोरच्या बाकावर आईस्क्रीम खात होत्या, त्यांनी हात केला. तेवढ्यात मित्राचा फोन, काय मग, होता की नाही उतार?

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "भावजी, उतार आहे हो, पण ह्यांना उतरता येत नाहीये."