रोटाकॅपमध्ये 'प्लास्टिक' असतं? त्या फॉरवर्डला उत्तर

परत तो मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात म्हटलंय की दम्याच्या रोटाकॅपमध्ये (छोट्या मशीनमध्ये घालून आतली पावडर श्वासाने ओढायची ती कॅप्सूल) औषध नावालाच, बाकी सगळी साखर, आणि आता त्यात प्लास्टिकचे कण घालतात जे फुफ्फुसात कायमचे साचतात, त्यापेक्षा कॅप्सूल सरळ पाण्याबरोबर गिळा, काम तेच होतं. इन्हेलरची पावडर बनवणं हेच माझं काम आहे म्हणून एकेक मुद्दा घेते, कारण हे वाचून कोणी औषध बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

आधी साखर. जास्त असते हे खरंच आहे. फॉर्मोटेरॉल या दम्याच्या औषधाचा डोस १२ मायक्रोग्रॅम आणि त्याच्यासोबत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, साधारण २५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन हजार पट. पण १२ मायक्रोग्रॅम एकटं कॅप्सूलमध्ये मोजून भरणार कसं? शिवाय औषध फुफ्फुसात उतरायला कण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात, आणि एवढे बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून गठ्ठे होतात. म्हणून ते लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर बसवतात, तुम्ही जोरात श्वास ओढला की औषध सुटून पुढे जातं आणि लॅक्टोज घशात आपटून पोटात जातं, जिभेला गोडसर लागतं ते तेच. दुधाच्या प्रोटीनची कडक अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगाच.

आता प्लास्टिक. नेहमीच्या दम्याच्या रोटाकॅपमध्ये औषध आणि लॅक्टोज असतं, पॉलिमरचे (प्लास्टिक ज्या प्रकारात मोडतं त्या लांब साखळीच्या पदार्थांचे) कण नसतात. मेसेजवाल्याने बहुतेक पीएलजीए नावाच्या पदार्थावरचं संशोधन कुठेतरी अर्धवट वाचलंय. पीएलजीए हा पॉलिमर खरा, पण पिशवीचं प्लास्टिक नव्हे, शरीरातल्या पाण्याने तो तुटतो आणि लॅक्टिक अ‍ॅसिड आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड होतं. महिन्याला एकदा घ्यायच्या काही हार्मोनच्या इंजेक्शनांत तो कित्येक वर्षं वापरात आहे.

इन्हेलरसाठी त्याची खरी गंमत १९९७ साली दिसली, अमेरिकेत एडवर्ड्स आणि लँगर यांच्या गटाने पीएलजीएचे मोठे पण पोकळ, सच्छिद्र कण करून दाखवले. हवेत कण कसा वागतो ते नुसत्या आकारावर नसतं, घनतेवरही असतं, त्यामुळे १० मायक्रॉनचा कण घनता पाण्याच्या एक दशांश असेल तर हवेत जेमतेम ३ मायक्रॉनच्या कणासारखा वागतो आणि खोल जातो. मोठा असल्याने चिकटतो कमी, आणि फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींना तो गिळता येत नाही, म्हणून औषध हळूहळू सुटत राहतं. लॅबमध्ये करायचं तर औषधाचं पाणी पॉलिमरच्या द्रावणात घुसळायचं, पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट टाकलं की गॅस सुटतो आणि कणाला भोकं पडतात, मायक्रोस्कोपखाली अगदी स्पंजसारखं दिसतं. फार सुंदर काम आहे हे.

साचण्याची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. पीएलजीए विरघळायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि डोस रोज घेतला तर आधीचा संपायच्या आत पुढचा येऊन पडतो, वर आतमध्ये अ‍ॅसिड तयार होतं ते वेगळंच. हा प्रश्न यात काम करणारे सगळेच धरून चालतात, म्हणून तर लवकर विरघळणारे पदार्थ शोधतात. टोब्रामायसिन या अँटिबायोटिकच्या पावडर इन्हेलरमध्ये असेच हलके सच्छिद्र कण आहेत पण ते फॉस्फोलिपिडचे, म्हणजे एका प्रकारच्या स्निग्ध पदार्थाचे, आणि फॉस्फोलिपिड आपल्या फुफ्फुसात मुळातच असतात.

आणि गिळण्याचं तर अजिबात ऐकू नका! सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. ब्युडेसोनाइड हे दम्याचं स्टेरॉइड गिळलं तर जवळपास ९० टक्के लिव्हरमध्येच निकामी होतं, आणि डोस मुळात मायक्रोग्रॅममध्ये, तो श्वासनलिकेपर्यंत पोचणार किती? घरात कोणी रोटाकॅप गिळत असेल तर आजच डॉक्टरांकडून किंवा केमिस्टकडून ओढायची पद्धत दाखवून घ्या, मशीनमध्ये फुंकर मारू देऊ नका कारण ओलाव्याने पावडर चिकटते, आणि स्टेरॉइडवाली असेल तर नंतर चूळ भरून थुंकायला सांगा.