एमजीबीच्या हिरव्या रंगाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की तुमच्या 1967 च्या एमजीबीला (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आम्ही मारलेला हिरवा तुम्ही दिलेल्या रंगाच्या कोडचा नाही, सावलीत काळाच दिसतो; बॉनेट आणि मडगार्ड उन्हात वेगळे दिसतात; आणि दीड महिन्याचं काम चार महिने लांबलं. शेवटी लिहिलंय, बेळगावात असलं काम होत नाही, गाडी पुण्याला न्यायला हवी होती. मी ते दोनदा वाचलं आणि संध्याकाळी वर्कशॉपमधल्या पोरांनाही वाचून दाखवलं.

बॉनेटचं आधी सांगतो, कारण ती चूक आमची आहे. तुमच्या गाडीचं बॉनेट अॅल्युमिनियमचं, बाकी बॉडी लोखंडी पत्र्याची. त्या वर्षांतल्या एमजीबी तशाच यायच्या. अॅल्युमिनियमला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, वेगळा लागतो, म्हणून बॉनेट उतरवून स्टँडवर केलं. तोवर बॉडीला पहिला डबा जवळजवळ लागून गेला होता, बॉनेटला दुसरा उघडला. दोन्ही एकाच फॉर्म्युल्यावर, एकाच दुकानातून मिक्स करून आणलेले. पण इतक्या गडद रंगात टिंटर, म्हणजे छटा आणायला मिसळतात तो रंग, जरा इकडेतिकडे झाला तरी शेड हलते. म्हणून स्प्रे गन हातात घ्यायच्या आधी सगळे डबे एका बादलीत ओतून एकजीव करायचे असतात. नवीन पोराला हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो, आणि तुमच्या गाडीला तेच राहिलं. त्यात जुलैचा पाऊस, दुपारीच अंधारून आलेलं. ट्यूबलाइटखाली बॉनेट मडगार्डाशेजारी धरून शेड मीच पास केली. उजेडाची वाट बघायला हवी होती. याबद्दल तुमची मनापासून माफी मागतो.

कोडचं मात्र मला तसं मान्य करता येत नाही. तुम्ही आणलेला ब्रिटिश रेसिंग ग्रीनचा कोड इंटरनेटवरचा होता, गाडीवरचा नव्हता. ब्रिटिश रेसिंग ग्रीन नावाची एकच ठरलेली छटा कधीच नव्हती. 1903 ची गॉर्डन बेनेट मोटार शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तिथे इंग्रजांच्या नेपियर गाड्या हिरव्या रंगवून उतरल्या आणि पुढे तो त्यांचा शर्यतीचा रंग झाला. पण कुणाचा हिरवा पोपटीकडे झुकलेला, कुणाचा शेवाळी, कुणाचा काळपट. एमजीनेही या एकाच नावाखाली वेगवेगळे हिरवे वापरलेत. नुसत्या नावावरून डबा मागवला तर नेमका कुठला येईल सांगता येत नाही.

म्हणून आम्ही गाडीलाच विचारलं. डिकीच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी जागा पाणी-पेपरने (ओल्या सँडपेपरने) हळूहळू घासली, तर एकात एक वर्तुळं उघडत गेली: वर आधीच्या मालकाने मारलेला हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली कंपनीचा मूळ गडद हिरवा. दरवाजाचं आतलं पॅनेल काढल्यावर तोच रंग हातभर सापडला. साठ वर्षांत त्याला ऊन लागलेलं नव्हतं. पॉलिशचं कंपाउंड मारून मळ काढला आणि तो खरा उजळला तेव्हा आम्ही सगळे बघत उभे राहिलो. त्याच्याशी जुळवायला नमुन्याचे सात पत्रे रंगवले. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही, म्हणून प्रत्येक पत्रा त्याच गनने, तितकेच कोट देऊन, रात्रभर वाळवून मग दरवाजात धरला. त्या काळच्या रंगांत शिशाचं पिवळं सर्रास असायचं, हल्लीचे टिंटर वेगळे. त्यामुळे घरातल्या दिव्याखाली जुळलेली शेड बाहेर फसू शकते. पाचवा पत्रा असाच फसला. सातवा मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, तुमच्यासमोर पास झाला. तुमच्या पोर्चमध्ये तो काळा दिसतो हे खरं आहे, पण त्या गाडीचा हिरवा तसाच आहे. मनात शंका असेल तर इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. चासी नंबरवरून कारखान्यातून गाडी कुठल्या रंगात निघाली ते त्यावर लिहिलेलं असतं.

उशिराबद्दल इतकंच की आमच्याकडे रंग वाळवायची गरम बंद खोली (बूथ) नाही, आणि जून ते सप्टेंबर इथला ओलावा टूके रंगाला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाला, मानवत नाही. हार्डनर पाणी धरतो, चमक मरते. पावसात काम थांबवत गेलो ते बरोबरच केलं. पण गाडी घेतानाच तुम्हाला ही कल्पना द्यायला हवी होती, ती दिली नाही.

आता बॉनेट. ते सुटा भाग आहे, मडगार्डाला हात न लावता पुन्हा करता येतं. पहिल्या डब्यातला पाव लिटर टचअपसाठी जपून ठेवलाय, नवीन माल त्याच्याशीच जुळवू. पैसे घेणार नाही. स्वच्छ ऊन असेल त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गाडी उद्यमबागला आमच्या वर्कशॉपवर आणा. नमुन्याचा पत्रा बॉनेटवर आणि मडगार्डावर ठेवून तुम्ही स्वतः बघा, तुमचा होकार आल्यावरच गन भरू. त्यानंतर तीन दिवस गाडी आमच्याकडे ठेवावी लागेल.