‘आम्ही घडलोच की’ या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या वेळी शाळेत समुपदेशक नव्हते, तरी आम्ही घडलोच, आईवडील आणि शिक्षक असताना परक्या माणसाची गरज काय? हे लोक मुलांना हळवं करतात, त्यांच्या डोक्यात नको ते भरतात आणि वर घरच्यांपासून लपवून ठेवतात. मी समुपदेशक नाही, भाषा शिकवते. पण हे वाचून गप्प बसवेना.

‘आमच्या वेळी नव्हते.’ तुमच्या शाळेत नसतील. अमेरिकेत जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनी १९०७ सालीच भाषेच्या तासाला मार्गदर्शनाची जोड दिली होती. म्हणजे हे कालपरवाचं खूळ नव्हे. आणि घडलेल्यांचीच मोजदाद का करायची? वर्गातलं एखादं पोर अचानक यायचं बंद व्हायचं, हजेरीपटावरून नाव निघायचं, कुणी चौकशीसुद्धा करायचं नाही. ते पोर या हिशेबात कुठे आहे?

‘शिक्षक आहेत ना!’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण शिक्षक म्हणून मी कुठे कमी पडले ते मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा दर दोन-चार दिवसांनी पोट दुखतंय म्हणून प्रथमोपचाराच्या खोलीत जाऊन बसायचा. मी त्याला कामचुकार समजत होते, तसं त्याच्या घरी कळवलंही होतं. आमच्या समुपदेशक बाईंनी त्या खोलीतली वही माझ्या वेळापत्रकाशेजारी ठेवली. जवळपास सगळ्या नोंदी प्रकट वाचनाच्या दिवसांच्या होत्या. मग त्या दोन तास मागच्या बाकावर बसल्या. मुलगा पुढची डोकी मोजत होता, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते काढत होता आणि तेवढाच बोटाने पुन्हापुन्हा गिरवत होता. मी रोज त्याच्यासमोर उभी होते, पण चाळीस मुलांना शिकवताना मला ते बोट कधी दिसलं नाही. पुढे तपासणीत वाचन-अक्षमता निघाली, म्हणजे डिस्लेक्सिया. बाईंनी घरच्यांशी बोलणं केलं, तज्ज्ञांकडे पाठवलं आणि मला एक साधी गोष्ट सांगितली: त्याचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी सांगत जा. पोटदुखीच्या नोंदी हळूहळू थांबल्या.

‘डोक्यात नको ते भरतात.’ रोख आहे तो आत्महत्येबद्दल थेट विचारण्यावर. ही समजूत जीवघेणी आहे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हे संशोधनात दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या आत्महत्या-प्रतिबंध अहवालात या समजुतीला गैरसमजांच्या यादीतच घातलं आहे. ज्याच्या मनात हे आधीपासून घोळतंय, त्याला कुणीतरी न घाबरता विचारलं तर बोलायला वाट मिळते. फक्त कसं विचारायचं, उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, मुलाला एकटं न सोडता कुणाला बोलवायचं, हे शिकावं लागतं. समुपदेशकाचं प्रशिक्षण त्यासाठीच असतं.

‘हळवं करतात’ यावर फार लिहीत नाही. रडणाऱ्या मुलाला डोळे पुसून वर्गात परत जाता येईल इतकं सावरणं म्हणजे हळवं करणं नव्हे.

‘घरच्यांपासून लपवतात.’ चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत मुलाला सांगतो: तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल, तर मला योग्य माणसांना सांगावंच लागेल. मैत्रिणीशी झालेलं भांडण घरी पोचवायचं नसतं, जिवावरची गोष्ट दाबायची नसते. आणि कधीकधी धोका घरातच असतो. तेव्हा ‘आईवडील आहेत ना’ हे उत्तर त्या मुलाच्या काय कामाचं?

मेसेजमधली एक तक्रार मात्र मला पटते: ‘आमच्या मुलांना तर समुपदेशक कधी भेटतच नाहीत.’ अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे. हजार-हजार मुलांमागे एक माणूस नेमायचा, त्यालाच रिकाम्या तासांवर आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणाला पाठवायचं, तर तो भेटणार कधी? त्या मुलासाठी आमच्या बाई मागच्या बाकावर दोन तास बसू शकल्या, कारण त्या दिवशी त्यांना कुणी दुसऱ्या वर्गावर धाडलं नव्हतं. पालकसभेत उठून हे तास मागा. मी तुमच्या बाजूने बोलेन.