पान, पानी आणि श्लोंस्क

पोलंडमध्ये पुरुषाला आदराने 'पान' म्हणतात आणि बाईला 'पानी'. त्यामुळे व्रोत्स्वाफला भाड्याची खोली बघायला गेलो आणि म्हाताऱ्या घरमालकांनी "मी पान, ही पानी" अशी ओळख करून दिली, तेव्हा मला पंगतीत बसल्यासारखं वाटलं. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर पान खुर्चीतून उठलेच. "वालिवादे?"

वळिवडे! महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक 1943 ते 1948 आमच्या वळिवड्यात राहिले होते. त्यांतल्याच कुणाकडून तरी पानांनी हे नाव ऐकलं होतं. भाडं तिथल्या तिथे थोडं उतरलं. मी खूश. पण करारात न लिहिलेली एक अट पुढच्या आठवड्यात कळली. पान मला बास्केटबॉल दाखवायला नेणार होते.

आता कोल्हापूरचा म्हणजे मी फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे आमचे संघ भिडले की दोन दिवस घसा बसवून घेणारा. बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेत आला तो एवढाच, की सरांनी मला रिंगखाली चेंडू उचलून द्यायला उभं केलं होतं. पाच फूट चार इंचाच्या माणसाला त्या खेळात दुसरं काम नसतं.

मॅचआधी तालीम. क्लबाचं नाव श्लोंस्क, म्हणजे सायलेशिया, हा आख्खा प्रांत. कागदावर ते 'स्लास्क' दिसतं. पण पोलिशमध्ये 'ए'ला शेपूट फुटलं की तो नाकात जातो आणि 'एस'च्या डोक्यावर तिरकी रेघ आली की त्याचा 'श' होतो.

"श्लोंस्क," पान म्हणाले.

"स्लोस्क."

"श्लोंस्क!"

बाराखडी गिरवणाऱ्या पोरासारखा मी अर्धा तास गिरवत होतो. शेवटी पानी सूप गार होतंय म्हणून ओरडल्या, म्हणून सुटलो.

मॅच कुठे, विचारलं तर पान म्हणाले, "हाला स्तुलेच्या." मी वाट बघत राहिलो. स्तुलेच्या काय? घरी? शेजारी? वाक्य तिथेच संपलं होतं. स्तुलेच्या म्हणजे शताब्दीचा. हे शहर 1945 पर्यंत जर्मनांचं ब्रेस्लाउ होतं. नेपोलियन हरला त्या लायप्झिगच्या लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून 1913 साली माक्स बेर्ग नावाच्या वास्तुविशारदाने हा काँक्रीटचा हॉल उभा केला. घुमटाचा व्यास 65 मीटर. शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट बघून मी आ वासला होता. हा त्याहून मोठा, आणि खाली दहा धिप्पाड माणसं एका चेंडूसाठी झोंबताहेत. युनेस्कोने 2006 मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं. वारसास्थळात बसून पॉपकॉर्न खायची माझी पहिलीच वेळ.

खायचीच. बघायची नाही. कारण माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते, त्यांची नुसती मानच माझ्या हाताएवढी. ते डावीकडे कलले की मी उजवीकडे. ते उभे राहिले की मी पॉपकॉर्नकडे बघायचो. गुण झालाय की नाही, हे मी पूर्ण पहिला भाग त्यांच्या कानांच्या हालचालीवरून ओळखत होतो.

पानांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्यापुढे वेगळीच मॅच चालू होती. "1948 ला सुरुवात," त्यांनी बोट दुमडलं. म्हणजे वळिवड्याची छावणी उठली त्याच वर्षी. क्लब लष्कराचा. त्या काळी लष्करात सक्तीची भरती असायची, आणि चांगला खेळाडू गणवेशात आला की आपसूक लष्कराच्या क्लबातही यायचा. आमच्या पेठांना ही युक्ती कळली असती तर अनर्थ झाला असता. पहिलं विजेतेपद 1965 ला. तेव्हाचा हिरो मिएचिस्वाफ वोपात्का. चार ऑलिंपिक खेळला आणि 1967 च्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांत जास्त गुण त्याचेच. 'वोपात्का' म्हणजे लहान फावडं, असं पानांनी हाताने उकरून दाखवलं. ते उकरणं माझ्या पॉपकॉर्नमध्ये झालं.

मग नव्वदचं दशक आलं आणि पानांचा आवाज ओला झाला. 1998 ते 2002, सलग पाच विजेतेपदं. तेव्हा बराच काळ संघाचं नाव झेप्टर श्लोंस्क. झेप्टर म्हणजे घरोघरी जाऊन स्टीलची भांडी विकणारी कंपनी. आणि कट्टर वैरी कोण? आन्विल. आन्विल म्हणजे खताचा कारखाना! ऐन शतक बदलत होतं आणि पोलंडच्या अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा भांडी विरुद्ध खत अशी झुंज लागत होती. मी हसलो. पान हसले नाहीत. पुढे भांडी गेली आणि टेलिफोन कंपनी आली, मग चपलांचं दुकान आलं. नाव दर वेळी बदललं, पण मधला श्लोंस्क कुणी काढला नाही. 2008 मध्ये पैसेच संपले आणि संघाने लीगमधून माघार घेतली, हे सांगताना पान माझ्याकडे न बघता रिंगकडे बघत होते.

आता त्या दिवशीची चूक. आन्विलचं गाव व्वोत्स्वावेक. आमचं व्रोत्स्वाफ. दोन्ही नावं पुन्हा एकदा सावकाश वाचा, म्हणजे मला माफ कराल. समोर तेच आन्विल होतं. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाचा फरक, आणि आमच्या खेळाडूला फ्री थ्रो मिळाले. सगळा घुमट गप्प. पुढचे गृहस्थही बसले. मला पहिल्यांदाच रिंग दिसली आणि त्या आनंदात माझ्यातला शाहू स्टेडियम जागा झाला. मी उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो,

"व्वोत्स्वावेक!"

घुमट फार छान घुमतो. खेळाडूच्या हातातला चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला. पुढचे गृहस्थ सावकाश मागे वळले. पानांनी त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्यात 'इंदिए' एवढंच मला कळलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग जाऊन दया आली. राग परवडला असता.

मॅच आम्ही जिंकलो, म्हणून मी आज लिहितोय.

ट्रॅममध्ये शिक्षा सुरू झाली. 2022 साली आंद्रेय उर्लेप या जुन्याच प्रशिक्षकाने परत येऊन लेगिया वॉर्सावाला अंतिम मालिकेत 4-1 हरवलं आणि वीस वर्षांनी अठरावं विजेतेपद आणलं. एवढी पोलंडमध्ये कुणाचीच नाहीत. ती अठराही सालं पानांना पाठ आहेत, आणि आता दर शनिवारी मलाही पाठ करावी लागतात. 1991 ते 94 सोपं जातं. 1977 नंतर 78 नाही, 79 आहे. तिथे मी हमखास आपटतो, आणि पान परत 1965 पासून म्हणायला लावतात. आठव्या इयत्तेनंतर माझ्यावर असा प्रसंग आला नव्हता.

गेल्या शनिवारी मी म्हटलं, पान, तुमचं झालं. आता माझ्या गावचं एक नाव नीट म्हणा. वालिवादे नव्हे.

"वळिवडे."

"वालिवादे."

"ळ. जीभ वर वळवा."

पानांनी जीभ वळवली. तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा वळवली, तशी वरची कवळी सुटून सुपात पडली. पानी हसून हसून भिंतीला टेकल्या. पानांनी कवळी काढून धुतली, बसवली, नॅपकिनने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"सूप गार होऊ दे," मी म्हणालो. "परत. ळ."