मत माझं, पत्ता पेनसिल्व्हेनियाचा

गेला महिनाभर आमच्या सांगलीकर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटलाय, आणि तो सांगलीचा नाही. ५ नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेतल्या आपल्या माणसांनी कुणाला मत द्यायचं, यावर तो चाललाय. मोठे मामा ट्रम्पवाले. मोदींशी त्यांचं जमतं, ह्यूस्टनला दोघं हातात हात घालून स्टेडियमभर फिरले, पाकिस्तान-बांगलादेशाला तेच वठणीवर आणतील, हा मामांचा हिशेब. धाकटी मावशी कमला हॅरिसच्या बाजूची. तिची आई मद्रासची, आजोळ तमिळनाडूतलं तुळसेंद्रपुरम, तिथल्या देवळात तिच्यासाठी पूजा घालतात. आपली लेक तिथवर पोचली आणि तुम्हीच मत दिलं नाही तर तुमच्या तिथे असण्याचा काय उपयोग, असं मावशी म्हणते. दोघं एकमेकांचं एक अक्षर ऐकून घेत नाहीत. एका बाबतीत मात्र त्यांचं पक्कं एकमत आहे: माझं मत हे भारताचं मत आहे, आणि ते कुणाच्या पारड्यात पडावं हे घरच्यांनी ठरवायचं.

मला याचा मनापासून राग येतो. वडीलधाऱ्यांना ग्रुपवर उलट उत्तर देणं आमच्या घरात बसत नाही, म्हणून इथे लिहिते.

लोकसभेला सांगलीकरांनी युतीचे संजयकाका पाटील नाकारले, आघाडीचे अधिकृत चंद्रहार पाटीलही नाकारले आणि विशाल पाटलांना अपक्ष निवडून दिलं. ४ जूनच्या त्या मोजणीसाठी मी इथे रात्रभर जागी होते. सांगलीकरांनी ऊस पाहिला, पाणी पाहिलं, वसंतदादांच्या घराण्याचा मान पाहिला आणि आपल्या गावाचं गणित मांडून मत दिलं. मला त्याचा अभिमान वाटला. तोच अधिकार मला का नसावा? मी राहते पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत, म्हणजे इथल्या एका जिल्ह्यात. माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, प्रॉपर्टी टॅक्स मी इथे भरते, आजारी पडले तर डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, संपेपर्यंतची बिलं माझ्याच नावाने येतात. माझं गणित इथलंच असणार.

आणि हे गणित नाममात्र नाही. अध्यक्ष निवडणारी पेनसिल्व्हेनियाची १९ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात) जिकडे जातील तिकडे व्हाइट हाऊस जाण्याची शक्यता मोठी. २०१६ मध्ये ट्रम्प इथे सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२० मध्ये बायडन सुमारे ८० हजारांनी. नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हा ताप नाही, त्यांचा निकाल ठरलेलाच असतो. आमच्याकडे मात्र ऑक्टोबरभर पोस्टाची पेटी पत्रकांनी भरून वाहते, संध्याकाळी दारावर कुणी ना कुणी क्लिपबोर्ड घेऊन उभं असतं. १६ तारखेला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला सभा घेऊन गेल्या, चारच दिवसांनी ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राइज भरत होते. इतकी मनधरणी आम्हा मतदारांची चालली असताना मी तुळसेंद्रपुरमच्या देवळाकडे बघून मतपत्रिकेवरचा गोल काळा करायचा?

'भारतासाठी चांगला' हा निकष इतिहासात कधी टिकलाय, हेही मामांनी सांगावं. लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. ती सही झाली नसती तर माझ्यासारख्या मुलीला इथे कुणी उभं केलं नसतं. आणि हेच जॉन्सन दुष्काळात भारताला पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, कारण व्हिएतनामवर दिल्ली त्यांच्या मनासारखं बोलत नव्हती. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी घशाखाली उतरत नसत, हे मला मामांनीच सांगितलंय. मग जॉन्सन चांगले की वाईट? निक्सननी ७१ मध्ये बंगालच्या उपसागरात आरमार पाठवलं. क्लिंटननी पोखरणनंतर निर्बंध लादले आणि दोनच वर्षांत भारताच्या संसदेत येऊन टाळ्या घेतल्या. धाकट्या बुशच्या सरकारने २००५ मध्ये मोदींना व्हिसा नाकारला आणि त्याच बुशनी २००८ मध्ये अणुकरार पार पाडला. ट्रम्पनी जून २०१९ मध्ये भारताची जीएसपी, म्हणजे निर्यातीवरची आयातशुल्क सवलत, काढून घेतली, ह्यूस्टनचा सोहळा सप्टेंबरमध्ये झाला. मामांना सप्टेंबर आठवतो, जून नाही.

अमेरिकेचा अध्यक्ष अमेरिकेचं बघतो. बघायलाच हवं. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवून मत देणं हा या देशावरही अन्याय आहे आणि भारताला दुबळं समजणंही आहे.

भाच्याचं ग्रीनकार्ड, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, हा मामांचा हुकमी मुद्दा. तो न्यू जर्सीत एडिसनला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, रांगेत कितव्या दशकात नंबर लागेल कुणाला ठाऊक. ट्रम्प जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाले की पदवीबरोबर ग्रीनकार्ड देऊ. तो व्हिडिओ ग्रुपवर तेव्हापासून फिरतोय. त्यांच्याच प्रचारकांनी नंतर त्याला कात्री लावली, ते कुणी फिरवलं नाही. आणि मुळात नोकरीवर मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, हा नियम अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, कायद्यातला आहे. २०१९ मध्ये तो बदलणारं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं आणि सिनेटच्या फेऱ्यात अडकून संपलं. भाच्याची काळजी असेल तर केसी आणि मॅकॉर्मिक या आमच्या सिनेटच्या उमेदवारांबद्दल विचारा. महिनाभरात एकानेही विचारलेलं नाही.

खरी खपली इथे निघते. जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा मी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की, महिना दीड हजार जरूर द्या, पण तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ कधी देणार तेही विचारा. इकडे हॅरिस पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलर देऊ म्हणतात, टिपवरचा कर माफ करू असं दोघंही म्हणतात, इलॉन मस्क रोज एका मतदाराला १० लाख डॉलरचा चेक देतायत. मतासाठी पैसा दोन्हीकडे निघतो, आणि दोन्हीकडे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण दहा मिनिटांत मामेभावाचं उत्तर आलं: 'तू तिकडे डॉलरमध्ये कमावतेस, इथल्या गोष्टीत पडू नकोस.' त्यावर सात अंगठे. मामांचाही होता.

म्हणजे २० नोव्हेंबरच्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत मी परकी, आणि ५ तारखेच्या अमेरिकेच्या निवडणुकीत मात्र घरची! परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मताचा अधिकार नसतो, ते मी स्वीकारलंय. ज्याला निकालासोबत राहायचं नाही त्याने मत देऊ नये, हे मला पटतं. पण मग हाच नियम उलट्या दिशेनेही लावा.

माझं मत हॅरिसना आहे, आणि ते मावशीच्या कारणासाठी नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. तिने अर्ज केलेल्या कॉलेजांपैकी एक टेक्ससला आहे. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क राज्यांवर सोडून दिल्यापासून टेक्ससमध्ये गर्भार बाईवर संकट आलं तर डॉक्टर आधी वकिलाला फोन करतात, अशा बातम्या मी वाचते. ज्या देशातून मी आले तिथे १९७१ पासून कायदा आहे. लेकीला माझ्याहून कमी हक्क मिळावेत म्हणून मी इथे आले नाही. दुसरं कारण ६ जानेवारी २०२१, ट्रम्पसमर्थकांनी संसदेवर चाल केली तो दिवस. हरल्यावर खुर्ची सोडायची असते, हे सांगलीच्या सोसायटीच्या चेअरमनलाही कळतं. माझा शेजारी ट्रम्पला मत देणार आहे. इलेक्ट्रिशियन आहे, चार वर्षांत किराण्याचे भाव कुठे गेले ते तो मला पावत्या काढून दाखवतो, आणि त्याचं ते दुखणं खरं आहे. बर्फ पडला की आमचाही ड्राइव्हवे तोच साफ करतो. त्याच्याशी वाद घालताना मला कधी परकं वाटलेलं नाही.

तिसरं कारण पाण्याचं आहे, आणि ते लिहिताना हात अडखळतो.

गेल्या वर्षी जुलैत वॉशिंग्टन क्रॉसिंगच्या रस्त्यावर बघता बघता ओढ्याला पूर आला आणि सात माणसं वाहून गेली, त्यात एक तान्हं बाळ होतं. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. आम्ही शनिवारी त्याच रस्त्याने जातो. हवामान बदल ही थाप आहे म्हणणाऱ्या माणसाला मी मत देऊ शकत नाही. सांगलीहून त्या पुराबद्दल विचारायला एक फोन आला नाही. त्यांना कळलंच नसणार, माझ्या गावाचं नाव तरी कुणाला नीट येतं? पण २०१९ च्या महापुरात कृष्णा चढत होती तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे ते मला तासातासाला माहीत होतं. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती सोडतायत, गणपती मंदिराकडे पाणी कुठवर आलं, सगळं तोंडपाठ. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलाखाली फोन धरून बसायचे. पाणी ५७ फुटांवर गेलं त्या रात्री आईच्या घराचा खालचा मजला बुडाला आणि मी इथे कोरड्या स्वयंपाकघरात उभी होते. इथल्या डेलावेअर नदीची धोक्याची पातळी किती, हे आजही मला सांगता येणार नाही. नदी घरापासून एवढ्या जवळ आहे, पण मी कधी बघितलं नाही.

नागरिकत्वाची शपथ घेताना इतर सगळ्या निष्ठा सोडल्याचं मी हात वर करून सांगितलंय. ते खोटं नव्हतं. भारतीय पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसून तो परत आला तेव्हा मात्र मी तो लॉकरमध्ये न ठेवता कपाटात साड्यांखाली ठेवला. मत इथलं, हे मी मामांना ठणकावून सांगीन. पण २० तारखेला सांगलीत कोण उभं राहतंय, बंडखोरी झाली का, आपल्या प्रभागाची हवा काय, हे विचारायची मला सोय हवी आहे. सल्ला देणार नाही. अंगठा नको, उत्तर द्या.

आता दोन पाकिटांचं काम उरलंय. मतपत्रिका आधी आतल्या पाकिटात, मग बाहेरच्यात, त्यावर सही आणि हाताने घातलेली तारीख. २०२४ च्या या निवडणुकीत तारीख चुकली की मत बाद. उद्या मुलीला घेऊन ड्रॉप बॉक्सवर जाणार आहे. पुढच्या वेळी ती स्वतः मतदार असेल. ती कुणाला मत देणार, हे मामा तिला विचारतील, आणि ती बहुतेक इंग्रजीत उत्तर देईल.