भांडण होऊ नये म्हणून

आपल्या पश्चात मुलांमध्ये भांडण होऊ नये म्हणून वाडा आणि शेतजमीन कौटुंबिक न्यासात (ट्रस्टमध्ये) टाकण्याचा थोर विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. गेल्या मंगळवारी बाबांच्या अशाच न्यासावरून चाललेल्या आमच्या दाव्याची एकतिसावी तारीख होती. पहाटे साडेचारच्या एसटीने निघून मी अकरा वाजता दिवाणी न्यायालयात पोहोचले, तेव्हा न्यायाधीश रजेवर असल्याचे कळले. पुढची तारीख कागदावर लिहून घेतली आणि परतीची एसटी धरली. त्या प्रवासात जे सुचले, ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

न्यासाची कुणकुण मुलींना लागू देऊ नये. त्या भाऊबीजेला येतात आणि ओवाळणीची साडी घेऊन निमूटपणे जातात. त्यांना कशाला त्रास द्यायचा? सही हवीच असेल, तर ती गणपतीत घ्यावी. आमच्या दादाने मी मोदक वळत असताना ‘पाणीपट्टीचा कागद आहे’ असे सांगून माझी सही घेतली. त्या कागदाचे नाव संमतिपत्र होते, हे मला दादाची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, दाखल झाल्यावर समजले. आता तो तुपाच्या डागासह न्यायालयाच्या फाइलीत आहे आणि पदवीधर असूनही मी न वाचता सही कशी केली, हा उलटतपासणीतील सर्वांत लाडका प्रश्न आहे.

न्यासपत्राच्या परिशिष्टात एखादा गट क्रमांक चुकवण्यास विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे आपले एकट्याचे नाही ते न्यासात घालताना मुळीच कचरू नये. १८८२ चा भारतीय न्यास कायदा स्थावर मिळकतीसाठी लेखी आणि नोंदणीकृत दस्त मागतो. दुय्यम निबंधकांकडे जाऊन अंगठे आणि छायाचित्रे दिली की तेवढे काम होते. परंतु मालकाला देता येते तेवढेच विश्वस्तांच्या हाती जाते आणि पणजोबांपासून चालत आलेल्या, कधीही वाटणी न झालेल्या वाड्यातील हिस्सा इतर हिस्सेदारांच्या संमतीवाचून असा देऊन टाकता येत नाही, ही किरकोळ अडचण दस्त नोंदवताना कोणी काढत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच हिस्सेदार ठरली. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगून टाकले. तरीही दादाचे वकील प्रत्येक वेळी उठून महाराष्ट्राचा १९९४ चा कायदा वाचतात, कारण त्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या आणि माझे लग्न १९८८ चे. केंद्राच्या दुरुस्तीत अशी अटच नाही, हे त्यांना ठाऊक नाही असे मानण्याइतकी मी भोळी राहिलेली नाही. मग ते लग्नाच्या खर्चाची यादी काढतात. चार तोळे सोने, दोनशे पाने आणि मंडप! दादाच्याही लग्नाला मंडप होता. त्याचे भाडे त्याच्या हिश्श्यातून वजा झाल्याचे मी ऐकलेले नाही.

लाभार्थी म्हणून ‘कुटुंबातील सदस्य’ एवढेच लिहावे, म्हणजे लग्न झालेली मुलगी कुटुंबात येते काय, यावर दोन्ही वकिलांची पाचसहा वर्षे सुखात जातील.

फेरफार मात्र तातडीने करून घ्यावा. सातबाऱ्यावर नाव लागल्याने मालकी मिळत नाही, असे न्यायालये कितीही वेळा म्हणोत, दादासारख्यांना मात्र तो उतारा पाहूनच शांत झोप लागते.

दावा दाखल झाला की निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, ‘जैसे थे’ आदेश मिळतो आणि आपला वाडा कायमचा सुरक्षित होतो. आमचाही झाला. त्या आदेशाची प्रत पावसाला बजावली गेली नव्हती, म्हणून मागची भिंत जुलैमध्ये पडली. दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज त्यावर म्हणणे देण्यासाठी प्रलंबित आहे आणि माजघरात आता आभाळ दिसते.

बाबांनी आईलाही विश्वस्त केले होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला मागच्या तारखेला रिक्षातून आणून व्हरांड्यातल्या बाकावर बसवले होते. तिने माझा हात धरून विचारले, ‘मी नक्की कोणाच्या बाजूने बोलायचे गं?’

आता सल्ला पुरे. अहो बाबा, एका रविवारी चारही मुलांना समोर बसवायला तुम्हाला काय झाले होते? आधी सरसनिरस वाटप करायचे, हक्कसोड करायची की नाही ते मुलींना ठरवू द्यायचे आणि मग आपल्या वाट्याचा न्यास करा, नाही तर दान करा. कोणी अडवले होते? ‘तुला काही देणार नाही’ हे मुलीच्या तोंडावर सांगण्याची हिंमत नव्हती, म्हणून वकिलाकडून चाळीस पानांचे न्यासपत्र लिहवून घेतलेत आणि त्याला भांडण टाळणे म्हणालात. हा शुद्ध भित्रेपणा होता. आणि दादा, तुला सगळे माहीत असूनही तू त्या कागदावर माझी सही घेतलीस.

पुढची तारीख सोळाला आहे. आईला त्या दिवशी पुन्हा रिक्षात घालून आणू नकोस.